जेल आणि ॲक्रिलिकनंतर सोलपटणारी नखे: नवे नख वाढून येईपर्यंतची काळजी

जेल पॉलिश किंवा ॲक्रिलिकची कृत्रिम नखे काढून टाकल्यावर स्वतःची नखे कागदासारखी वाकू लागतात, टोकाशी पापुद्रे सुटतात, पृष्ठभागावर खरबरीत पांढरे चट्टे दिसतात आणि कोमट पाणी लागले तरी बोटांची टोके चुरचुरतात. अशा वेळी ‘काय लावले म्हणजे नखे पूर्वीसारखी होतील?’ हाच प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो, आणि त्याचे प्रामाणिक उत्तर असे आहे की बिघडलेला भाग कशानेही पूर्ववत होत नाही. नखाचा जो कडक भाग आपल्याला दिसतो तो केराटिन या प्रथिनाने भरलेल्या मृत पेशींच्या थरांचा असतो. त्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे कातडीवरची जखम भरून येते तसे नख भरून येत नाही. नवे नख तयार होते ते मुळाशी, कातडीच्या घडीखाली दडलेल्या जिवंत भागात. अंगठ्याच्या नखावर जो फिकट अर्धचंद्र दिसतो ते याच भागाचे पुढचे टोक होय. तेथे इजा झालेली नसेल तर निरोगी नख आपोआप वाढून येते. ते पुढे सरकत येईपर्यंत जुने, पातळ झालेले नख आणखी फाटू न देणे आणि मुळाला धक्का लागू न देणे एवढेच काम आपल्या हाती असते, आणि या लेखातील प्रत्येक सूचना त्याच दोन गोष्टींसाठी आहे.

हाताचे नख महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते. म्हणजे मुळापासून टोकापर्यंत संपूर्ण नख बदलण्यास साधारण सहा महिने लागतात, तर पायाच्या नखांना वर्ष ते दीड वर्षही लागू शकते. मधल्या बोटाचे नख सर्वांत लवकर वाढते, अंगठ्याचे आणि करंगळीचे मागे राहते. त्यामुळे दहाही नखे एकाच दिवशी बरी झालेली दिसणार नाहीत आणि दोन-चार आठवड्यांत फरक पडला नाही म्हणून उपाय बदलत राहण्याचेही कारण नाही. वाढ किती झाली हे पाहण्यासाठी एक सोपी खूण आपल्याकडे आहे. सणाला किंवा लग्नाला बोटांच्या टोकांवर मेंदी लावली असेल, तर तिचा रंग केराटिनला घट्ट चिकटतो आणि कातडीवरचा रंग गेल्यावरही नखावर राहतो. पुढे मुळाशी जी बिनरंगाची पट्टी दिसू लागते ते नवे नख असते आणि ती पट्टी दर आठवड्याला किती रुंदावते हे डोळ्यांनी पाहता येते. मेंदीने नख मजबूत होते असा मात्र याचा अर्थ नाही. काळी मेंदी तर हातांना लावूच नये, कारण तिच्यात केस रंगवण्याचे तीव्र रसायन मिसळलेले असू शकते.

नुकसान नेमके कोठे होते

अनेकजणी जेलला दोष देतात, पण बहुतेक वेळा नख बिघडते ते जेल लावल्यामुळे नव्हे, तर ते लावण्यापूर्वी आणि काढताना केलेल्या घासण्यामुळे. निरोगी नखाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. रंग नीट धरावा म्हणून आधी पृष्ठभाग घासला जातो, काढताना मशीनचा ड्रिल फिरवला जातो, उरलेले कण लोखंडी पट्टीने खरवडले जातात, आणि हे सगळे दर दोन-तीन आठवड्यांनी होत राहिले तर प्रत्येक खेपेला नखाचा एखादा थर कमी होतो. ड्रिलमुळे नखावर लालसर आडवी वर्तुळाकार रेघ उमटली किंवा चटका बसल्यासारखे वाटले, तर तेथे नख फार खोलवर घासले गेले आहे असे समजावे.

याहून अधिक हानी आपल्याच हातून होते. जेलचा एखादा कोपरा सुटतो, बोट त्याच्याशी चाळा करू लागते आणि पाहता पाहता ते सबंध सोलून निघते. निघालेल्या तुकड्याची आतली बाजू उजेडात धरून पाहावी. तिला पांढरट, भुसभुशीत पापुद्रा चिकटलेला दिसतो आणि तो आपल्याच नखाचा वरचा थर असतो. त्यानंतर नखावर जे पांढरे डाग राहतात ते कॅल्शियमच्या कमतरतेचे लक्षण आहे ही समजूत घरोघरी आढळते. पण नखात कॅल्शियमचे प्रमाण मुळातच अगदी नगण्य असते आणि हे डाग म्हणजे फाटलेल्या थरांचा खडबडीतपणा असतो. त्यांवर गोळ्या घेऊन उपयोग नाही आणि घासून ते घालवू नयेत, कारण घासण्याने उरलेला थरही जातो.

‘नखांना श्वास घेऊ द्या’ असेही नेहमी सांगितले जाते. नख श्वास घेत नाही. त्याला जे काही मिळते ते मुळाशी असलेल्या रक्तातून मिळते. तरीही विश्रांतीचा सल्ला योग्यच आहे, कारण त्या काळात घासणे आणि सोलणे थांबते आणि बिघडलेला भाग पुढे सरकून कापला जातो.

अजून काही शिल्लक असेल तर

नखांवर जेल किंवा ॲक्रिलिक उरले असेल तर ते घाईने काढू नये. विरघळणारे जेल पॉलिश घरी काढायचे असल्यास प्रथम वरची चमक जाईल एवढेच हलक्या हाताने घासावे आणि खालच्या नखाला फाइल लागू देऊ नये. भोवतीच्या कातडीला पेट्रोलियम जेली लावावी, नखाएवढा कापसाचा तुकडा ॲसिटोनमध्ये भिजवून नखावर ठेवावा, वरून ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळावी आणि १० ते १५ मिनिटे थांबावे. रंगाला सुरकुत्या पडून तो उचलला गेला असेल, तर लाकडी काडीने मुळाकडून टोकाकडे हळूच सरकवावा. जो भाग चिकटून राहील तो खरवडू नये, पुन्हा पाच मिनिटे गुंडाळून ठेवावा. ॲक्रिलिकला याहून बराच अधिक वेळ लागतो. हार्ड जेल म्हणून ओळखले जाणारे जेल ॲसिटोनमध्ये विरघळतच नाही, म्हणून ते जाणत्या व्यक्तीकडूनच उतरवून घ्यावे आणि शेवटचा पातळ थर नखावर तसाच ठेवण्यास सांगावे. तो नखाबरोबर वाढून निघून जातो. ॲसिटोन क्षणात पेट घेते, त्यामुळे हे काम गॅसच्या शेगडीजवळ किंवा देवघरात समई-निरांजन तेवत असताना करू नये आणि खिडकी उघडी ठेवावी.

टोक आखूड, कडा गुळगुळीत

पहिले काही महिने नखे बोटाच्या टोकाबरोबर राहतील इतकी आखूड ठेवावीत. हा सल्ला अनेकींना नकोसा वाटतो, कारण नखे वाढावीत म्हणूनच सगळा खटाटोप चाललेला असतो. पण पातळ नखाचे पुढे आलेले टोक पदराला किंवा केसांना अडकते, मागे वाकते आणि वाकलेल्या जागी आडवी चीर पडते, मग ती चीर जिवंत भागापर्यंत गेली तर पुन्हा महिनोन्महिने थांबावे लागते. नेलकटरच्या दाबाने पातळ नखाचे थर चिरडले जाऊ शकतात. तो वापरायचाच असेल तर अंघोळीनंतर, नख मऊ असताना, एका झटक्यात न कापता कडेकडेने थोडे थोडे कापावे. फाइल मात्र नख पूर्ण कोरडे असतानाच वापरावी. काचेची फाइल सर्वांत सौम्य असते. ती नसेल तर बारीक दाण्याची कागदी फाइल चालते, पत्र्याची चालत नाही. करवतीसारखी पुढे-मागे न फिरवता ती कडेकडून मध्याकडे एकाच दिशेने फिरवावी, कोपरे किंचित गोल करावेत आणि शेवटी वरच्या कडेवरून फाइल अगदी हलकेच खाली उतरवावी, म्हणजे उचललेले बारीक पापुद्रे निघून कड बसून जाते.

एखादा पापुद्रा सुटलेला दिसला की तो ओढण्याचा मोह होतो. तो ओढला तर हमखास मागेपर्यंत सुटत जातो, म्हणून बारीक कात्रीने जेथे सुटला आहे तेथेच कापावा आणि कड फाइल करावी. पृष्ठभागावर चमक आणणारा बफर या काळात हातात घेऊच नये. मुळाजवळची पातळ कातडीही कापू नये किंवा जोराने मागे ढकलू नये. ती कातडी नखाच्या मुळाला पाण्यापासून आणि जंतूंपासून झाकते. ती कापली तर नखुरडे होण्याचा धोका वाढतो, आणि तेथे वारंवार दाब दिला तर नव्याने येणाऱ्या नखावरच आडव्या खाचा उमटतात.

नख मध्येच फाटले आणि फाटलेला भाग जिवंत कातडीवर असल्यामुळे कापताही येत नसेल, तर चहाच्या पिशवीच्या कागदाचा इवलासा तुकडा फाटलेल्या जागेवर नखांसाठीच्या गोंदाच्या एका थेंबाने बसवावा, वाळल्यावर वरून साधे रंगहीन पॉलिश लावावे आणि ती जागा टोकापर्यंत सरकेपर्यंत ठिगळ जपावे. कातडीला चीर गेली असेल किंवा रक्त येत असेल तर गोंद लावू नये.

पाणी, लिक्विड आणि स्वयंपाकघर

नखे सोलपटण्याचे सर्वांत मोठे आणि सर्वांत दुर्लक्षित कारण पाणी हे आहे. नख पाणी चटकन शोषून फुगते आणि वाळताना आकसते. दिवसातून पुनःपुन्हा हे घडले की थरांना धरून ठेवणारी पकड सैल होते आणि टोकापासून पापुद्रे सुटू लागतात. पार्लरमध्ये आधीच पातळ झालेल्या नखाला तर याची झळ लवकर लागते. भांडी घासणे, तांदूळ-डाळ धुणे, भाज्या धुणे, फरशी पुसणे, कपडे चोळणे अशी कामे एकामागून एक होत असतील, तर रात्री लावलेल्या महागड्या सीरमचा काहीही प्रभाव उरत नाही. माझ्या मते नखांवर पैसे खर्च करायचेच असतील तर पहिला खर्च रबरी हातमोज्यांवर करावा. आत पातळ सुती मोजे घालावेत, कारण नुसत्या रबरात घाम साचून नखे पुन्हा ओलीच राहतात. मोजे आतून भिजले तर ते लगेच बदलावेत. कणीक मळताना मोजे घालणे शक्य नसते, तेव्हा निदान हात धुताना नखाखालचे पीठ टोकदार वस्तूने न कोरता मऊ ब्रशने काढावे.

स्वयंपाकघरात आणखी एक सवय बदलावी लागते. लसणाची पाकळी सोलताना अंगठ्याचे नख सालीखाली खुपसले जाते, मटाराची शेंग त्याच नखाने उकलली जाते, संत्र्याची पहिली चीर तेच पाडते, आणि डब्याचे घट्ट झाकण किंवा बरणीवरचे लेबलही त्यानेच खरवडून निघते. म्हणूनच बहुतेक वेळा उजव्या अंगठ्याचे नख सर्वांत शेवटी सुधारते. लसूण सुरीच्या पात्याने दाबून घ्यावा म्हणजे साल आपोआप सुटते, झाकणासाठी चमच्याचा दांडा वापरावा आणि नख हे हत्यार म्हणून वापरणे काही महिने कटाक्षाने बंद ठेवावे.

हात धुऊन, टिपून झाल्यावर कातडी किंचित दमट असतानाच क्रीम लावावे. ते मोरीपाशी किंवा बेसिनपाशी हाताशी ठेवले तरच लावले जाते, हे लक्षात घ्यावे. ज्यांना कामानिमित्त दिवसभर सॅनिटायझर वापरावे लागते, उदाहरणार्थ परिचारिका, त्यांच्यासाठी तर हे अधिकच गरजेचे आहे, कारण अल्कोहोलने नखे आणि भोवतीची कातडी दोन्ही कोरडी पडतात. रात्री झोपताना १० ते २० टक्के युरिया असलेले क्रीम नखावर, नखाच्या मुळाशी आणि टोकाच्या खालच्या बाजूस चोळून वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. कातडीला चिरा असतील तर युरियाने झोंबते. तेव्हा ती भरून येईपर्यंत नुसती जेली लावावी. घरातले खोबरेल किंवा तिळाचे तेलही चालते. तेलाने नखाचे ‘पोषण’ होत नाही. ते ओलावा उडून जाण्याचा वेग कमी करते आणि नखाला थोडी लवचीकता देते, आणि पातळ नखाला न मोडता वाकता यावे यासाठी तेवढेच हवे असते.

लिंबू चोळणे, लसूण ठेचून लावणे, सोडा किंवा टूथपेस्टने पिवळेपणा घासून काढणे हे उपाय मुळीच करू नयेत. लिंबाच्या आम्लाने आणि सोड्याने नख अधिक कोरडे पडते, आणि लसणाने बोटांच्या टोकांना भाजल्यासारखी इजा किंवा ॲलर्जी होऊ शकते.

हार्डनर आणि गोळ्या

बाजारातल्या नेल हार्डनरपैकी काहींमध्ये फॉर्मल्डिहाइड असते. ते केराटिनच्या धाग्यांमध्ये जादा बंध निर्माण करते, त्यामुळे पहिले काही दिवस नख टणक झाल्याचे समाधान वाटते; पण तेच पुढे चालू ठेवले तर नखाची लवचीकता जाते आणि ते काचेसारखे तडकू लागते. आधीच पातळ झालेल्या नखांवर असे हार्डनर वापरू नये. आधार हवाच असेल तर साधे रंगहीन पॉलिश टोकाची कड झाकेल असे लावावे, टवके उडाले तर त्यावरच दुसरा हात द्यावा आणि रिमूव्हर आठवड्यातून एकदाच, तोही ॲसिटोनविरहित वापरावा. ॲसिटोनविरहित रिमूव्हरही नखे कोरडी करतोच, फक्त थोडा सौम्यपणे.

बायोटिन या ब-वर्गातील जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची जाहिरात जितकी मोठी आहे तितका त्यांचा पुरावा मोठा नाही. ठिसूळ नखांच्या काही लहान अभ्यासांत रोज २.५ मिलिग्रॅमने थोडा फायदा दिसला आहे, पण ड्रिलने घासलेले नख गोळीने जाड होत नाही. शिवाय जास्त मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या निदानासाठी केल्या जाणाऱ्या ट्रोपोनिनच्या तपासण्या चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ मध्ये दिला होता. त्यामुळे गोळ्या चालू असल्यास रक्त देण्यापूर्वी डॉक्टरांना तसे अवश्य सांगावे. याउलट लोहाकडे लक्ष देणे अधिक शहाणपणाचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. लोहाच्या कमतरतेने नखे ठिसूळ होतात आणि कमतरता तीव्र असल्यास चमच्यासारखी खोलगटही होतात. थकवा, धाप, पाळीत अतिरक्तस्राव असे काही सोबत असेल तर पार्लरला दोष देऊन न थांबता हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) आणि थायरॉइड तपासून घ्यावे.

ॲलर्जीकडे दुर्लक्ष करू नये

नखे पातळ होणे हे नुकसान तात्पुरते असते. ॲलर्जी मात्र जन्माची सोबत करते, म्हणून ती ओळखता आली पाहिजे. जेल, ॲक्रिलिक आणि काही गोंदांतील मेथाक्रिलेट रसायने जेल सुकवण्याच्या अतिनील (यूव्ही) दिव्याखाली नीट सुकली नाहीत किंवा कातडीला लागली, तर शरीर त्यांच्याविरुद्ध संवेदनशील होऊ शकते. नखांभोवती खाज, लाली, बारीक पाण्याचे फोड, बोटांची टोके सोलणे, नख खालच्या कातडीपासून सुटणे, आणि हात लागल्यामुळे पापण्यांवर किंवा मानेवर उठणारे पुरळ ही त्याची लक्षणे आहेत. ब्रिटनमधील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये याबाबत लोकांना जाहीरपणे सावध केले. यात घरच्या घरी वापरायच्या जेल किटचा धोका विशेष असतो, कारण अननुभवी हाताने जेल कातडीवर पसरते आणि दिवा त्या जेलसाठी पुरेसा असेलच असे नाही. एकदा ॲलर्जी झाली की ती सहसा जात नाही, आणि याच कुळातील रसायने दातांच्या सिमेंटमध्ये तसेच सांधेरोपणाच्या सिमेंटमध्येही वापरली जातात, त्यामुळे प्रश्न केवळ नखांपुरता राहत नाही. अशी लक्षणे दिसली तर ‘ब्रँड बदलून पाहू’ असा विचार न करता त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट, म्हणजे कातडीवर संशयित रसायनांच्या पट्ट्या लावून केली जाणारी ॲलर्जीची चाचणी, करून घ्यावी.

नख पुढून पांढरे पडून खालच्या कातडीपासून सुटले असेल तर सुटलेला भाग जपून कापावा, जागा कोरडी ठेवावी आणि तिथे पिन किंवा काडी घालून साफ करू नये, कारण तसे केल्याने नख आणखी मागे सुटत जाते. हिरवट छटा, नखाच्या कडेला सूज, ठणका किंवा पू, जाड होऊन भुगा पडणारे पिवळे नख, नखावर सुईने टोचल्यासारखे खड्डे, किंवा एकाच नखावर नव्याने उमटलेली आणि रुंदावणारी काळपट उभी रेघ यांपैकी काहीही दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. सहा महिने काळजी घेऊनही मुळाशी येणारे नवे नख पातळ किंवा चिरलेलेच येत असेल, तर इजा मुळापर्यंत पोहोचली आहे किंवा कारण निराळे आहे.

पुन्हा पार्लरमध्ये जायचे असेल तेव्हा

बिघडलेला सगळा भाग वाढून कापला जाईपर्यंत जेल किंवा एक्सटेन्शन (नखाची लांबी वाढवणारे कृत्रिम नख) लावू नये. मध्येच घरातले लग्न आले तर चिकट पट्ट्यांनी बसणारी तयार नखे त्या दिवसापुरती लावावीत आणि काढताना ओढू नयेत. बोटे कोमट साबणाच्या पाण्यात ठेवून कडेने तेल सोडावे आणि ती आपोआप सैल होऊ द्यावीत. त्यांच्यासोबत येणारा गोंद मात्र वापरू नये.

पुढे जेव्हा जेल करून घ्यायचे असेल तेव्हा लावण्याआधीच काढण्याबद्दल विचारावे. ड्रिल नैसर्गिक नखाला लावणार का, ॲसिटोनने भिजवून काढणार का, भिजवायला किती वेळ देणार, साहित्यावर घटकांची यादी आहे का, आणि ॲक्रिलिक असेल तर त्यात मिथाइल मेथाक्रिलेट नाही ना, हे प्रश्न संकोच न करता विचारावेत. हे रसायन नखाला इतके घट्ट धरते की काढताना नखाचे थर उपटले जातात. ते शुद्ध स्वरूपात असलेली नखांची उत्पादने अमेरिकेत १९७० च्या दशकातच बाजारातून काढून टाकण्यात आली होती. झोंबणारा उग्र वास, लेबल नसलेल्या बाटल्या आणि ‘पाच मिनिटांत काढून देतो’ असे आश्वासन एकत्र दिसले तर तेथून उठून यावे. दिव्याखाली हात ठेवण्यापूर्वी हातांच्या पाठीला सनस्क्रीन लावावे किंवा बोटांची टोके उघडी असलेले मोजे घालावेत. काढण्याची तारीख त्याच दिवशी ठरवून घ्यावी, म्हणजे कोपरा सुटेपर्यंत वाट पाहण्याची आणि मग तो सोलण्याची वेळ येत नाही. आणि तरीही एखादा कोपरा आधीच सुटला, तर तो कातरून, कड फाइल करून, काढायच्या दिवसापर्यंत त्यावर चिकटपट्टी लावून ठेवावी.